एका पेनीचा शेअर : फ्लायबीच्या भागधारकांचं काय झालं

११ जानेवारी २०१९ रोजी फ्लायबी या ब्रिटिश विमान कंपनीच्या संचालक मंडळाने भागधारकांना कळवलं, की कंपनीला खरेदीदार मिळाला आहे आणि तो प्रत्येक शेअरला एक पेनी देणार आहे. आदल्या दिवशी लंडनच्या बाजारात तोच शेअर सोळा पेन्सांच्या आसपास बंद झाला होता. शंभर पेन्सांचा एक पौंड. डिसेंबर २०१० मध्ये हाच शेअर २९५ पेन्सांना लोकांना विकला गेला होता. तेव्हा ज्याने हजार शेअर घेतले त्याने २,९५० पौंड मोजले होते. आता त्याच्या हाती दहा पौंड येणार होते.

एखादी कंपनी विकली जाते तेव्हा खरेदीदाराला बाजारभावाच्या वर काहीतरी मोजावं लागतं, हा सर्वसाधारण अनुभव. इथे खरेदीदाराने बाजारभावाचा सोळावा हिस्सा देऊ केला आणि संचालकांनी भागधारकांना तो घ्यायची शिफारस केली. त्या दिवशी फ्लायबीची विमानं नेहमीसारखी उडत होती, तिकिटं विकली जात होती, पगार होत होते. वर्षाला पंचाण्णव लाखांच्या घरात प्रवासी नेणारी ही कंपनी होती. एवढा धंदा चालू असताना सगळ्या शेअरांची मिळून किंमत फक्त २२ लाख पौंड कशी ठरली? एका नव्या प्रवासी विमानाची किंमतसुद्धा याच्या कितीतरी पट असते.

सर्वसाधारण स्पष्टीकरणं अशी : इंधन महागलं, पौंड घसरला, ब्रेक्झिट आलं. ती खोटी नाहीत. पण या प्रकरणाचे कागद क्रमाने वाचले की मला वाटतं, तो एक पेनी ठरायला सुरुवात झाली जुलै २०१० मध्ये, शेअर बाजारात यायच्या पाच महिने आधी.

छोट्या विमानतळांवरचं राज्य

कंपनीचा जन्म १९७९ चा, जर्सी बेटावरचा. तेव्हाचं नाव जर्सी युरोपियन एअरवेज. १९८३ मध्ये ब्लॅकबर्नचे पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांच्या उद्योगसमूहाने ती घेतली. २००० मध्ये वॉकर वारले, तरी पुढे बरीच वर्षं मोठा हिस्सा त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाकडेच राहिला. २००२ मध्ये फ्लायबी हे नाव आलं. मुख्यालय एक्झिटरला.

२००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपला तोट्यातला प्रादेशिक विभाग, बीए कनेक्ट, फ्लायबीच्या हवाली केला. बदल्यात फ्लायबीत १५ टक्के हिस्सा घेतला, आणि विभाग घेऊन जाण्यासाठी वर रोख रक्कमही दिली. इथे जरा थांबायला हवं. देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी छोट्या विमानांचा धंदा अंगावरून उतरवायला पैसे मोजते, तेव्हा त्या धंद्याविषयी बरंच काही कळतं. त्या काळात मात्र या व्यवहाराकडे फ्लायबीची झेप म्हणूनच पाहिलं गेलं.

गुंतवणूकदाराला आकर्षण वाटावं असं बरंच होतं, हेही मान्य करायला हवं. साउदॅम्प्टन, एक्झिटर, बेलफास्ट सिटी अशा विमानतळांवर फ्लायबीचंच राज्य. साउदॅम्प्टनहून उडणाऱ्या विमानांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिची होती. ईझीजेट आणि रायनएअर या स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांच्या दीडशे-दोनशे आसनांच्या विमानांना या मार्गांवर पुरेसे प्रवासी मिळत नाहीत, त्यामुळे त्या तिथे येणार नाहीत. समुद्र मध्ये असला की रेल्वेची स्पर्धा नाही. कामानिमित्त फिरणारा माणूस तिकिटाची फार घासाघीस करत नाही. हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो. त्यातला कच्चा भाग एवढाच, की प्रतिस्पर्धी न येण्याचं कारण आणि नफा न होण्याचं कारण एकच असू शकतं : त्या मार्गावर पुरेशी माणसंच नसतात.

७८ आसनांचं गणित

फ्लायबीचा मुख्य घोडा म्हणजे बॉम्बार्डियर क्यू४००, पंख्याचं विमान, ७८ आसनं. त्याला दोन वैमानिक लागतात. १८० आसनांच्या विमानालाही दोनच लागतात. उड्डाणाचं नियोजन, देखभालीची नोंदवही, विमानतळावरची माणसं, विमान उभं करायची जागा, यांतलं काहीच आसनांच्या हिशेबात कमी होत नाही. म्हणजे छोट्या विमानात प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येणारा खर्च जन्मापासूनच जास्त.

समजा, एका फेरीचा सगळा खर्च निघायला ५७ प्रवासी लागतात. ५९ बसले तर दोघांच्या भाड्याएवढा नफा, ५५ बसले तर दोघांच्या भाड्याएवढा तोटा. मंगळवारच्या दुपारी चार माणसांनी बेत बदलला की नफ्याचा तोटा होतो. आणि रिकामं गेलेलं आसन उद्या विकता येत नाही, दुकानातल्या मालासारखं ते फळीवर पडून राहत नाही.

हे काल्पनिक उदाहरण प्रत्यक्षापासून फार दूर नाही. मार्च २०१८ ला संपलेल्या वर्षात फ्लायबीचं उत्पन्न सुमारे ७५ कोटी पौंड होतं, प्रवासी ९५ लाख, आणि करपूर्व तोटा ९४ लाख पौंड. भागाकार केला तर माणशी जवळजवळ एक पौंड तोटा. ताळेबंद उघडून हा एक भागाकार जरी केला असता, तरी हा शेअर कसल्या धारेवर उभा आहे ते दिसलं असतं. माणशी दोन पौंड जास्त मिळाले तर सगळे खूश. दोन पौंड कमी मिळाले तर भांडवलच संपायला लागतं.

त्यात ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर. २०१२ पासून जवळच्या प्रवासासाठी तो १३ पौंड होता आणि ब्रिटनमधल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक फेरीवर लागत होता. एक्झिटरहून पॅरिसला जाऊन परतणारा प्रवासी तो एकदा भरत असे, कारण परतीचं विमान फ्रान्सहून निघतं. एक्झिटरहून न्यूकॅसलला जाऊन परतणारा दोनदा, म्हणजे २६ पौंड. देशांतर्गत प्रवासावर जगणाऱ्या कंपनीला हा कर किती बोचत असेल ते सांगायला नको. कंपनी सतत तक्रार करत राहिली आणि तिची तक्रार रास्त होती. तरीही गुंतवणूकदाराने ती ऐकताना सावध राहायला हवं होतं. कर उद्या हटला तरी ते १३ पौंड कंपनीच्या खिशात पडतीलच असं नाही, बराचसा भाग तिकीट स्वस्त होण्यात जाईल. आणि सरकारच्या मर्जीवर टांगलेली आशा ही शेअर घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

पस्तीस विमानं

जुलै २०१० मध्ये फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात फ्लायबीने ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीकडे ३५ विमानांची पक्की मागणी नोंदवली. विमान एम्ब्रेअर १७५, जेट, फ्लायबीच्या मांडणीत ८८ आसनांचं. छापील किमतीने हा सौदा १३० कोटी डॉलरचा. शिवाय आणखी ६५ विमानांचे पर्याय आणि ४० विमानांचे खरेदी-हक्क, म्हणजे हवी तर पुढे घ्यायची मुभा. सगळे वापरले तर आकडा ५०० कोटी डॉलरपर्यंत जात होता.

पाच महिन्यांनी, डिसेंबरात, कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली. भागविक्रीतून तिला सुमारे ६ कोटी पौंड मिळाले आणि विक्रीच्या भावाने संपूर्ण कंपनीचं मूल्य बावीस कोटी पौंडांच्या आसपास होतं. मुख्य कार्यकारी जिम फ्रेंच यांची मांडणी अशी, की युरोपातला प्रादेशिक हवाई बाजार विखुरलेला आहे, त्यात फ्लायबी पाय पसरेल. उभारलेल्या पैशातला मोठा वाटा ताफा वाढवण्यासाठी होता.

आता ही दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवून बघा. एका बाजूला ६ कोटी पौंडांचं नवं भांडवल. दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी पट किमतीच्या विमानांची बांधिलकी, तीही डॉलरमध्ये, आणि ज्या देशात देशांतर्गत विमानप्रवास २००७ पासून घटत चालला होता त्या देशातल्या कंपनीची. विमानासाठी कर्ज किंवा भाडेपट्टा मिळतो, सगळी रक्कम एकदम द्यावी लागत नाही, हे खरं. पण हप्ता किंवा भाडं दर महिन्याला जातंच, विमान उडो वा उभं राहो. २९५ पेन्स देणाऱ्याने प्रत्यक्षात जे घेतलं ते असं होतं : येत्या पाच-सात वर्षांत ब्रिटिश माणूस आज उडतो त्यापेक्षा बराच जास्त उडेल, यावर लावलेली बोली, आणि तीही उसन्या पैशांवर. छोट्या विमान कंपनीच्या माहितीपत्रकात मी सगळ्यात आधी विमानांच्या मागणीचं पान शोधतो, ते यासाठी.

शेअर बाजारात आला त्या महिन्यातच ब्रिटनवर जबर हिमवर्षाव झाला, विमानतळ बंद पडले. हे नशीब. पण नंतरच्या दोन वर्षांत मागणी सावरली नाही, हे नशीब नव्हतं. बाजार आकसतो आहे हे आधीपासून दिसत होतं. २०११-१२ मध्ये तोटा झाला आणि मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात तो ४ कोटी पौंडांच्या घरात गेला. २०१० च्या भागविक्रीतून जेवढं आलं त्याच्या दोन-तृतीयांश एका वर्षात गेलं. शेअर एका पौंडाच्या बराच खाली उतरला होता.

२०१३ च्या मेमध्ये कंपनीने लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरचे आपले २५ जोडी स्लॉट, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या राखीव वेळा, ईझीजेटला २ कोटी पौंडांना विकले. गॅटविकने आपल्यासारख्या छोट्या विमानांवरची आकारणी पाच वर्षांत दुपटीहून जास्त केली, असं फ्लायबीचं म्हणणं होतं. विमानतळाच्या बाजूने विचार केला तर धावपट्टी तेवढीच आणि वेळही तेवढीच, मग ७८ माणसं उतरवणाऱ्यापेक्षा १८० उतरवणारा हवा. त्याच वेळेची किंमत मोठ्या विमानाच्या हातात जास्त होते. फ्लायबीकडे असलेली मौल्यवान वस्तू दुसऱ्याकडे गेल्यावर अधिक मौल्यवान होत होती, म्हणून ती विकणं व्यवहाराला धरूनच होतं. पण ते २ कोटी भागधारकांकडे गेले नाहीत. ते तोट्याच्या भोकात गेले.

त्याच वर्षी फ्रेंच गेले, ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी म्हणून साद हम्माद आले. नोव्हेंबरमध्ये वॉकर कुटुंबाच्या न्यासाने आपला जवळजवळ निम्म्या कंपनीचा हिस्सा विकून टाकला. तीस वर्षं सोबत राहिलेला मालक जातो, तेव्हा छोट्या भागधारकाने त्या बातमीवर एक दिवस तरी विचार करायला हवा.

११० पेन्स

या प्रकरणातला सगळ्यात कठीण क्षण माझ्या मते २०१० चा नाही आणि २०१९ चाही नाही. तो मार्च २०१४ चा आहे. २०१० मध्ये उत्साह होता, २०१९ मध्ये पर्याय नव्हता. २०१४ मध्ये मात्र विचारी माणसानेही पैसे घातले असते, आणि अनेकांनी घातले.

हम्माद यांनी आल्या आल्या तोट्याचे मार्ग बंद केले, तळ बंद केले, शेकडो माणसं कमी केली. मग ११० पेन्सांच्या भावाने नवे शेअर काढून १५ कोटी पौंड उभे केले. आधीचे सुमारे साडेसात कोटी शेअर होते, ते एकवीस कोटींच्या पुढे गेले. ज्या जुन्या भागधारकाने नव्याने पैसे घातले नाहीत त्याची मालकी जवळजवळ एक-तृतीयांशावर आली. म्हणजे २९५ च्या खरेदीदाराने भाव गमावला होताच, आता वाटाही गमावला.

नव्या गुंतवणूकदारासमोर चित्र बरं होतं. नवं नेतृत्व, कापलेला खर्च, भरलेली तिजोरी. ३५ विमानांचा सौदाही सोडवण्याची वाट सापडली. तोवर ११ विमानं आली होती. उरलेल्या २४ पैकी २० अमेरिकेच्या रिपब्लिक एअरवेजकडे वळवण्यात आली आणि चार पुढे ढकलली गेली. हा सौदा फिरवणं सोपं नव्हतं, हम्माद यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण त्याच व्यवहारात दुसरी एक गोष्ट झाली. रिपब्लिककडची वापरलेली २४ क्यू४०० विमानं फ्लायबीने भाडेपट्ट्यावर घेतली. जेटपेक्षा ही विमानं स्वस्त, चालवायला काटकसरीची, वैमानिकांच्या सवयीची. तरीही ती विमानंच होती. एका बांधिलकीची जागा दुसऱ्या, कमी खर्चाच्या बांधिलकीने घेतली आणि आसनं वाढायची ती वाढलीच. शिवाय १४ एम्ब्रेअर १९५ विमानं ताफ्यात होती, ११८ आसनांची, कंपनीच्या मार्गांना मोठी पडणारी. त्यातली काही नुसती उभी होती आणि त्यांचं भाडं चालू होतं. फिनलंडमध्ये भागीदारीत चालवलेल्या विमान कंपनीतला आपला ६० टक्के हिस्सा २०१४ च्या अखेरीस एका युरोला देऊन टाकला. हो, एक युरो. चालत्या विमान कंपनीचा मोठा हिस्सा एका नाण्याला जाऊ शकतो, हे फ्लायबीच्या भागधारकांनी आपल्याच कंपनीच्या व्यवहारात सुमारे चार वर्षं आधी पाहिलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा विकणारे आपण होतो.

२०१५-१६ च्या सुमारास शेअरचा भाव ११० च्या निम्म्याच्या आसपास आला आणि एक मोहक हिशेब मांडला जाऊ लागला : कंपनीच्या खात्यातली एकूण रोख तिच्या बाजारमूल्यापेक्षाही जास्त आहे, म्हणजे धंदा जवळजवळ फुकट मिळतो आहे. स्वस्त शेअर शोधणाऱ्यांना असल्या हिशेबाची फार ओढ असते, आणि इतर उद्योगांत तो कधी कधी खरा ठरतो. विमान कंपनीत तो जपूनच करावा लागतो. त्या रोख रकमेत पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं आगाऊ काढणाऱ्या प्रवाशांचे पैसे असतात. भाडेपट्टा संपताना विमान ठरल्या अवस्थेत परत द्यायचं असतं, त्याची दुरुस्ती लाखो पौंडांची असते, त्यासाठी राखलेले पैसे असतात. काही रक्कम ठेव म्हणून कुणाकडे तरी अडकलेली असते. ही सगळी वजाबाकी केल्यावर जे उरतं तेवढंच भागधारकाचं. फ्लायबीत ते वरच्या आकड्याच्या मानाने फारच थोडं होतं.

२०१५-१६ ला कंपनीने २७ लाख पौंड करपूर्व नफा दाखवला. त्या वर्षी जगात कच्चं तेल कोसळलेलं होतं. एवढ्या स्वस्त तेलातही नफा इतकाच, हा आकडा मला आजही त्या सगळ्या वर्षांतला सगळ्यात बोलका वाटतो. इंधन आगाऊ दराने बांधून ठेवलं असल्याने फायदा उशिरा पोचतो हे लक्षात घेऊनही.

पुढच्या वर्षी रिपब्लिककडून आलेल्या विमानांनी आपलं काम केलं. आसनं दहा टक्क्यांहून जास्त वाढली, प्रवासी तितके वाढले नाहीत, भरलेल्या आसनांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं. जून २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल आला आणि पौंड कोसळला. कमाई पौंडात, इंधन, विमानांचं भाडं, सुटे भाग डॉलरमध्ये. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये हम्माद गेले, जानेवारी २०१७ मध्ये क्रिस्टीन उर्मिएर-विडेनर आल्या. ताफा ८५ विमानांपर्यंत फुगला होता. भाडेपट्टे संपतील तशी विमानं परत करून तो कमी करायचा, असं त्यांनी ठरवलं. योग्य दिशा होती. पण भाडेपट्टा आपल्या सोयीने संपत नाही, तो त्याच्या तारखेला संपतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये देखभालीचा खर्च अंदाजाबाहेर गेल्याचं कंपनीला जाहीर करावं लागलं.

शेवटचे तीन महिने

२०१८ च्या सुरुवातीला स्टोबार्ट ग्रुप या ब्रिटिश उद्योगसमूहाने फ्लायबी घेण्यात रस दाखवला होता. तेव्हा शेअर चाळीस पेन्सांच्या आसपास होता. अटी जुळल्या नाहीत, मार्चमध्ये स्टोबार्ट बाजूला झाला. ऑक्टोबरच्या १७ तारखेला कंपनीने सांगितलं की या वर्षी २ कोटी २० लाख पौंडांचा तोटा अपेक्षित आहे. शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास पडला. १४ नोव्हेंबरला कंपनी अधिकृतपणे विक्रीला निघाली.

इथून पुढे जे घडलं ते नफा-तोटा पत्रकात दिसत नाही, म्हणून नीट समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही जानेवारीत जुलैचं तिकीट कार्डावर काढता. जुलैपर्यंत कंपनी बुडाली तर तुमचे पैसे परत करायची पाळी कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांवर येते. म्हणून विमान कंपनीची प्रकृती बिघडल्याचा वास आला की त्या कंपन्या तिकिटाचे पैसे लगेच पुढे सोडत नाहीत, प्रवास होईपर्यंत स्वतःकडे ठेवतात किंवा वाढीव तारण मागतात. फ्लायबीचं हेच झालं. तोट्याची बातमी आली म्हणून तारण वाढलं, तारण वाढलं म्हणून रोख आटली, रोख आटली म्हणून बातमी आणखी वाईट झाली. त्यात हिवाळा, म्हणजे प्रादेशिक विमान कंपनीच्या हातात वर्षातले सगळ्यात कमी पैसे असण्याचे महिने. ज्या रोख रकमेकडे बोट दाखवून शेअर स्वस्त म्हटला जात होता, तिच्यावर पहिला हात कुणाचा आहे ते या आठवड्यांत उघड झालं. विमानांचे मालक, विमानतळ, इंधन पुरवणारे, कार्ड कंपन्या, कर्मचारी, तिकीट काढलेले प्रवासी. या रांगेत भागधारक शेवटी.

विक्रीला काढल्याची जाहीर घोषणा हीसुद्धा प्रकृती बिघडल्याचीच खूण ठरली, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात दुःखद वाटतं. घर विकायला काढलं म्हणून घराची भिंत पडत नाही. विमान कंपनीची पडते.

खरेदीदार म्हणून पुढे आला कनेक्ट एअरवेज हा गट : व्हर्जिन अटलांटिक ३० टक्के, स्टोबार्ट ३० टक्के, सायरस कॅपिटल ही गुंतवणूक संस्था ४० टक्के. म्हणजे दहा महिन्यांपूर्वी बाजूला झालेला स्टोबार्टच परतला होता, या वेळी एका पेनीने. त्यांनी तातडीचं २ कोटी पौंडांचं कर्ज आणि पुढे ८ कोटींपर्यंत निधी देऊ केला. चार दिवसांतच अटी बदलल्या. कर्जाचा पहिला भाग लगेच हवा म्हणून संचालकांनी चालता व्यवसाय असलेल्या उपकंपन्याच २८ लाख पौंडांना कनेक्टला विकायचं मान्य केलं. भागधारकांनी एका पेनीला नकार दिला असता तरी आता विमानं, मार्ग, कर्मचारी सगळं गेलेलंच असणार होतं. हातात फक्त रिकामी मूळ कंपनी उरली असती.

एवढा मोठा व्यवहार भागधारकांच्या मताशिवाय कसा झाला? कंपनी त्याआधी लंडन बाजाराच्या प्रीमियम गटातून स्टँडर्ड गटात गेली होती. तेव्हाच्या नियमांनुसार प्रीमियम गटात मुख्य व्यवसाय विकायचा तर भागधारकांचं मतदान लागत असे, स्टँडर्ड गटात लागत नसे. गट बदलण्याची सूचना बहुतेक छोटे भागधारक वाचतही नाहीत. मतदानाचा हक्क तिथेच गेला होता.

सुमारे १९ टक्के शेअर असलेल्या होस्किंग पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेने जोरदार आक्षेप घेतला, अध्यक्ष सायमन लॅफिन यांना हटवण्याची मागणी केली. फेब्रुवारीत अमेरिकेच्या मेसा एअर ग्रुपला सोबत घेऊन एका गटाने साडेचार पेन्सांचा सशर्त प्रस्ताव मांडला, तो टिकला नाही. उपकंपन्यांची विक्री फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्ण झाली आणि ४ मार्च २०१९ ला भागधारकांनी एका पेनीच्या योजनेला मान्यता दिली.

संचालकांनी फसवलं का? माझं मत असं, की जानेवारीत त्यांच्यापुढे एक पेनी किंवा शून्य एवढाच पर्याय होता आणि त्यांनी एक पेनी निवडला. त्यांना खरा प्रश्न विचारायचा तो त्याआधीच्या महिन्यांबद्दल. शेअर सोळा पेन्सांना खरेदी-विक्री होत होता तेव्हा कार्ड कंपन्यांच्या मागण्या कुठवर गेल्या आहेत, याची कल्पना बाजारातल्या साध्या माणसाला किती स्पष्टपणे दिली गेली? त्या आठवड्यांत ज्यांनी 'आता याहून किती पडेल' म्हणून शेअर घेतले, त्यांचे नव्वद टक्क्यांहून जास्त पैसे गेले. पडलेला भाव त्यांना तळ वाटला.

नंतर

नव्या मालकांनी व्हर्जिन कनेक्ट हे नाव द्यायची तयारी चालवली होती. जानेवारी २०२० मध्ये कंपनी पुन्हा अडखळली, सरकारने थकलेला पॅसेंजर ड्यूटीचा भरणा पुढे ढकलू द्यायची आणि त्या कराचा फेरविचार करायची तयारी दाखवली. ब्रिटिश एअरवेजच्या मूळ कंपनीचे प्रमुख विली वॉल्श यांनी या मदतीविरुद्ध तक्रार केली. तेरा वर्षांपूर्वी आपला प्रादेशिक विभाग फ्लायबीच्या गळ्यात घालणारी कंपनीच ती. मग कोरोना आला, तिकिटं विकली जाईनात, मागितलेलं १० कोटींचं सरकारी कर्ज मिळालं नाही आणि ५ मार्च २०२० च्या पहाटे कंपनी बंद पडली. दोन हजारांहून जास्त माणसांच्या नोकऱ्या गेल्या. कनेक्टच्या तीन भागीदारांनी घातलेले पैसेही बुडाले. एक पेनी स्वस्त नव्हता, हे तेव्हा कळलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच नावाने दुसरी कंपनी उडू लागली, ती २८ जानेवारी २०२३ ला थांबली. देशांतर्गत प्रवासावरचा कर एप्रिल २०२३ मध्ये १३ पौंडांवरून साडेसहा पौंडांवर आला.

फ्लायबी बंद पडली त्याच दिवशी, ५ मार्च २०२० ला, स्कॉटलंडच्या लोगनएअरने तिच्या मार्गांपैकी १६ मार्ग आपण चालवणार असल्याचं जाहीर केलं. मार्ग घ्यायला तिला फ्लायबीचा एकही शेअर विकत घ्यावा लागला नाही.